नेटवर्कचा बिघाड नेमका कोठे आहे? युनिक्स आणि लिनक्सच्या नव्या प्रशासकांसाठी कमांडचा क्रम

‘सर्व्हर बंद पडला आहे’ अशी तक्रार येते तेव्हा सर्व्हर बहुतेक वेळा चालूच असतो. कधी केबल सैल झालेली असते, कधी यंत्राला पत्ता मिळालेला नसतो, कधी नावावरून पत्ता शोधणारी व्यवस्था अडलेली असते, कधी एखादी फायरवॉल (नियमांनुसार वाहतूक अडवणारी व्यवस्था) वाटेत पॅकेट (माहितीचे तुकडे) टाकून देत असते, तर कधी बाकी सर्व ठीक असताना एकच सर्व्हिस थांबलेली असते. तक्रार करणाऱ्याला मात्र या सर्व प्रकारांत पडद्यावर एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे पान उघडत नाही. हे प्रकार एकमेकांपासून वेगळे काढणे हे प्रशासकाचे काम आहे आणि त्यासाठी लागणाऱ्या कमांड हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. अडचण असते ती क्रमाची. नवा प्रशासक आठवेल ती कमांड चालवतो, काही उमगले नाही की सर्व्हर रीस्टार्ट करतो आणि त्यामुळे तक्रार मिटलीच तर तिच्याबरोबर बिघाडाचा पुरावाही पुसला जातो. म्हणून येथे खालून वर जाणारा क्रम धरला आहे: आधी केबल आणि इंटरफेस (यंत्राची नेटवर्कशी जोडणी), मग पत्ता, मग शेजारचा राउटर (पॅकेट दुसऱ्या नेटवर्ककडे पाठवणारे यंत्र), मग दूरचा मार्ग, मग नाव, मग पोर्ट (सर्व्हिसपर्यंत नेणारे क्रमांकाचे दार) आणि शेवटी सर्व्हिस. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरच्या पायरीवरच्या उत्तराला फारसा अर्थ नसतो.

या लेखातील कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाइप कराव्यात. मोठे अक्षर लागते तेथे तसे सांगितले आहे, कारण युनिक्समध्ये लहान आणि मोठे अक्षर वेगळे धरले जाते. उदाहरणे डेबियन किंवा उबुंटूच्या सर्व्हरवरची आहेत. २०३.०.११३ ने सुरू होणारे पत्ते केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे त्यांच्या जागी आपले पत्ते घालावेत.

इंटरफेस आणि पत्ता

जुन्या पुस्तकांतून शिकलेल्यांना ‘इफकॉन्फिग’ आणि ‘नेटस्टॅट’ या कमांड ओळखीच्या असतात. दोन्ही १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीपासून चालत आल्या आहेत आणि फ्रीबीएसडी व मॅकओएसवर आजही त्याच वापरायच्या असतात. लिनक्सवर मात्र त्यांची जागा ‘आयपी’ आणि ‘एसएस’ यांनी घेतली आहे. नव्या डेबियनमध्ये जुन्या कमांड मुळात बसवलेल्याच नसतात. त्या वेगळ्या बसवून घेण्यापेक्षा नव्या शिकून घेणे बरे, कारण एकाच इंटरफेसवर अनेक पत्ते असले तर जुनी कमांड सगळे दाखवीलच असे नाही.

पहिली कमांड ‘आयपी लिंक’ ही आहे. तिच्या उत्तरात प्रत्येक इंटरफेसच्या नावापुढे कोनी कंसात काही शब्द असतात. त्यांतील ‘अप’ या शब्दाचा अर्थ एवढाच की प्रशासकाने तो इंटरफेस चालू ठेवला आहे. केबलमधून खरोखर सिग्नल येत आहे की नाही, हे ‘लोअर अप’ हा शब्द सांगतो. ‘अप’ आहे, पण शेजारी ‘नो कॅरियर’ लिहिलेले आहे, असे दिसले तर पुढची एकही कमांड चालवू नये. उठून केबल, स्विचचा पोर्ट (येथे केबल खोचण्याची जागा) आणि त्यावरचा दिवा पाहावा. यंत्र आभासी असेल तर त्याचे नेटवर्क कार्ड व्यवस्थेत जोडलेले आहे का, हे तपासावे.

सिग्नल असेल तर ‘आयपी अ‍ॅड्रेस’ चालवावी. ‘आयपी ए’ एवढे लिहिले तरी चालते. समजा, ईटीएच० या इंटरफेससमोर १९२.१६८.१०.२५/२४ असे दिसले, तर त्याचा अर्थ पहिले २४ बिट नेटवर्कचे आणि उरलेले ८ बिट यंत्राचे. म्हणजे १९२.१६८.१० ने सुरू होणारी सर्व यंत्रे या यंत्राला शेजारी वाटतात आणि बाकी सर्वांसाठी ते पॅकेट राउटरकडे देते. हा तिरक्या रेघेनंतरचा आकडा नवखे लोक वाचतच नाहीत. तेथे चुकून /१६ पडले, तर यंत्र १९२.१६८.२०.५ लाही शेजारी समजते, राउटरला न विचारता त्याला थेट हाका मारत बसते आणि त्या एका शाखेशीच संपर्क होत नाही, बाकी सर्व जगाशी होतो. असा अर्धवट बिघाड दिसला की सर्वांत आधी हा आकडा पाहावा.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर यंत्राने डीएचसीपी सर्व्हरकडे, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडे, पत्ता मागितला, उत्तर आले नाही आणि त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला, असे समजावे. अशा वेळी दोष आपल्या यंत्रात शोधण्याऐवजी डीएचसीपी सर्व्हर किंवा स्विचचे व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेले वेगवेगळे नेटवर्क) तपासावे.

राउटरपर्यंत आणि त्यापलीकडे

‘आयपी रूट’ ही कमांड मार्गांची यादी दाखवते. तिच्यातील ‘डिफॉल्ट’ने सुरू होणारी ओळ सर्वांत महत्त्वाची आहे, कारण अनोळखी ठिकाणी जाणारी सगळी पॅकेट तेथे लिहिलेल्या गेटवेकडे, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरकडे, जातात. ती ओळच नसेल, तर घरातली यंत्रे भेटतात आणि बाहेरचे काहीच भेटत नाही. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे असतील, तर यादी डोळ्यांनी वाचून अंदाज बांधण्यापेक्षा ‘आयपी रूट गेट २०३.०.११३.१०’ असे थेट कर्नललाच (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) विचारावे. त्या पत्त्यासाठी कोणता गेटवे, कोणता इंटरफेस आणि आपला कोणता पत्ता वापरला जाईल, हे तो एका ओळीत सांगतो.

यानंतर गेटवेला पिंग करावे, म्हणजे छोटे पॅकेट पाठवून उत्तर येते का ते पाहावे:

पिंग -सी ४ १९२.१६८.१०.१

‘-सी ४’ दिले नाही तर लिनक्स, फ्रीबीएसडी आणि मॅकओएस यांवर कंट्रोल-सी दाबेपर्यंत पिंग चालूच राहते. उत्तर आले तर पुढे जावे. आले नाही तरी गेटवे मेला असे लगेच म्हणू नये, कारण पिंगला उत्तर न देण्याची सूचना त्याला दिलेली असू शकते. अशा वेळी ‘आयपी नेबर’ ही कमांड खरी परिस्थिती सांगते. गेटवेच्या पत्त्यासमोर हार्डवेअरचा पत्ता आणि ‘रीचेबल’ असे दिसले, तर गेटवे त्या तारेवर हजर आहे. ‘फेल्ड’ दिसले, तर ‘हा पत्ता कोणाचा?’ या प्रश्नाला कोणीच उत्तर दिलेले नाही. ‘स्टेल’ हा शब्द पाहून घाबरू नये. त्याचा अर्थ एवढाच की माहिती आहे, पण अलीकडे तिची खातरजमा झालेली नाही.

पिंग हे माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत लिहिले आणि आजही प्रशासकाचा हात पहिल्यांदा त्याकडेच जातो. त्याच्या उत्तरातील ‘टाइम’चा आकडा मिलिसेकंदांत असतो आणि तो अंतराच्या मानाने वाचावा लागतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून न्यूयॉर्कचे सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद ही निसर्गाचीच मर्यादा झाली, आणि समुद्राखालून जाणाऱ्या केबल सरळ रेषेत नसल्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून बराच मोठा येतो. त्यामुळे अमेरिकेतल्या सर्व्हरला २०० मिलिसेकंद लागले तर तो बिघाड नाही. पण पुण्याहून मुंबईतल्या सर्व्हरला तेवढेच लागत असतील, तर पॅकेट कोठून तरी वळसा घालून जात आहेत किंवा वाटेत कोंडी झाली आहे.

‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असा संदेश आला, तर त्याच ओळीत ‘फ्रॉम’पुढे कोणाचा पत्ता आहे, हे अवश्य पाहावे. तो आपलाच असेल, तर समोरचे यंत्र आपल्याच तारेवर सापडलेले नाही. तो एखाद्या राउटरचा असेल, तर पॅकेट तेथपर्यंत पोहोचले आणि पुढे जाऊ शकले नाही. एकाच संदेशाचे हे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही वेळी धावायचे ठिकाण वेगळे आहे.

वळसा कोठे आहे, हे ‘ट्रेसरूट’ दाखवते. प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा एक आकडा असतो, तो प्रत्येक राउटर एकने कमी करतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला तसे कळवतो. व्हॅन जेकबसन यांनी याचाच उपयोग करून घेतला: पहिले पॅकेट टीटीएल १ ठेवून पाठवायचे, दुसरे २ ठेवून, आणि अशा रीतीने प्रत्येक राउटरला आपले नाव सांगायला लावायचे. उत्तरात मध्येच तारांकने दिसली आणि त्यापुढचे टप्पे व्यवस्थित उत्तर देत असले, तर त्या तारांकनांकडे दुर्लक्ष करावे, कारण तो राउटर पॅकेट पुढे पाठवतो आहे, फक्त आपल्याला कळवत नाही. एका टप्प्यानंतर शेवटपर्यंत तारांकनेच असतील, तरच त्या जागेचा विचार करावा. पॅकेट अधूनमधून हरवत असतील, तर ‘एमटीआर’ ही कमांड काही मिनिटे चालू ठेवणे अधिक उपयोगी पडते, कारण ती प्रत्येक टप्प्याची गळती टक्केवारीत दाखवत राहते. सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार करताना हेच उत्तर जोडावे.

नाव की पत्ता?

पत्त्याला पिंग होते, पण नावाला होत नाही, असे असेल तर रस्ता चांगला आहे आणि दोष डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेत, आहे. येथे ‘डिग’ ही कमांड वापरावी:

डिग एक्झाम्पल.कॉम

उत्तराच्या वरच्या भागातील ‘स्टेटस’ आधी वाचावे. ‘नोएरर’ म्हणजे प्रश्नोत्तर नीट झाले. मात्र त्याखाली उत्तराचा विभाग रिकामा असेल, तर नाव आहे पण मागितलेल्या प्रकारची नोंद नाही. ‘एनएक्सडोमेन’ म्हणजे असे नावच अस्तित्वात नाही. बहुधा टाइप करताना चूक झालेली असते. ‘सर्व्हफेल’ म्हणजे आपल्या डीएनएस सर्व्हरला उत्तर मिळवताच आले नाही. तेव्हा ‘डिग @१.१.१.१ एक्झाम्पल.कॉम’ असे दुसऱ्या सर्व्हरला विचारून तुलना करावी. दोघांची उत्तरे वेगळी आली आणि नोंद नुकतीच बदललेली असेल, तर जुने उत्तर साठवणीत आहे आणि उत्तरातल्या सेकंदांच्या आकड्याइतका वेळ ते तेथे राहू शकते.

डिग नेहमी थेट डीएनएसला विचारते. बाकीचे बरेचसे प्रोग्रॅम मात्र आधी ‘/ईटीसी/होस्ट्स’ ही फाइल पाहतात. कोणी तरी चाचणीसाठी त्या फाइलमध्ये एक ओळ घातलेली असते आणि ती काढायची राहून जाते. मग डिग बरोबर पत्ता देते, पण सर्व्हरवरचा प्रोग्रॅम भलतीकडेच जातो. हे पकडण्यासाठी ‘गेटएंट होस्ट्स एक्झाम्पल.कॉम’ चालवावी, कारण ती प्रोग्रॅम ज्या वाटेने जातात त्याच वाटेने उत्तर आणते. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवली की फरक लगेच दिसतो.

यंत्र कोणत्या डीएनएस सर्व्हरला विचारते, हे ‘/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’ या फाइलमध्ये असते. टाइप करताना ‘रिझॉल्व्ह’च्या शेवटी इंग्रजी ‘ई’ नाही, हे लक्षात ठेवावे. उबुंटूवर तेथे १२७.०.०.५३ असा पत्ता दिसतो. तो यंत्रातच चालणाऱ्या मध्यस्थाचा आहे. त्याच्यामागचे खरे सर्व्हर ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ या कमांडने कळतात. ती फाइल हाताने बदलू नये, कारण ती आपोआप तयार होत असते आणि केलेला बदल टिकत नाही.

पोर्ट आणि सर्व्हिस

रोजच्या तक्रारींचा मोठा वाटा या पायरीवर उलगडतो, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. सर्व्हरवर बसून ही कमांड चालवावी:

सुडो एसएस -टीएलएनपी

‘सुडो’ म्हणजे ही कमांड मुख्य प्रशासकाच्या अधिकाराने चालवणे. पुढच्या चार अक्षरांचे अर्थ अनुक्रमे असे आहेत: फक्त टीसीपी (आधी जोडणी करून माहिती पाठवण्याची पद्धत), फक्त वाट पाहत असलेले पोर्ट, नावांऐवजी आकडे आणि त्या पोर्टमागचा प्रोग्रॅम. सुडो नसेल तर दुसऱ्यांचे प्रोग्रॅम दिसत नाहीत. यादीत स्थानिक पत्त्याचा रकाना नीट पाहावा. ०.०.०.०:४४३ असेल, तर सर्व्हिस यंत्राच्या प्रत्येक आयपीव्ही४ पत्त्यावर ऐकते आहे. १२७.०.०.१:८०८० असेल, तर ती फक्त त्याच यंत्रातून आलेल्यांचे ऐकते आणि बाहेरून कितीही प्रयत्न केले तरी जोडणी होणार नाही. सर्व्हिस चालू आहे, सर्व्हरवरून पाहिले तर पानही उघडते, पण शेजारच्या टेबलावरून उघडत नाही, या कोड्याचे उत्तर बहुतेक वेळा या एका रकान्यात असते. उलट, डेटाबेससारखी आतली सर्व्हिस ०.०.०.० वर ऐकताना दिसली, तर तक्रार नसतानाही ती बंदिस्त करावी.

आता दुसऱ्या यंत्रावरून दार ठोठावून पाहावे:

एनसी -व्हीझेड -डब्ल्यू ५ २०३.०.११३.१० ४४३

येथे तीन प्रकारची उत्तरे येतात आणि त्यांतला फरक पाठच असायला हवा. ‘सक्सीडेड’ आले, तर जोडणी होते आहे आणि दोष वर, सर्व्हिसमध्ये आहे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ ताबडतोब आले, तर पॅकेट पोहोचले आहे आणि कोणी तरी स्पष्ट नकार दिला आहे. बहुतेक वेळा यंत्र जिवंत असते आणि त्या पोर्टवर कोणी ऐकत नसते. अशा वेळी सर्व्हिस पाहावी, रस्ता तपासण्यात वेळ घालवू नये. पाच सेकंद शांतता आणि मग ‘टाइम्ड आउट’ आले, तर आपले पॅकेट किंवा त्याचे उत्तर वाटेत गडप झाले आहे; हे वागणे बहुधा फायरवॉलचे असते, कारण ती अनेकदा नकारही न देता पॅकेट टाकून देते. तक्रार नोंदवणाऱ्याला म्हणूनच विचारावे की चूक लगेच दिसली की बराच वेळ वाट पाहून दिसली. या एका प्रश्नाने अर्धा तपास होतो.

फायरवॉलचे नियम उबुंटूवर ‘सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस’ने आणि सर्वसाधारणपणे ‘सुडो एनएफटी लिस्ट रूलसेट’ने दिसतात. क्लाउडवरच्या यंत्रांना बाहेरून आणखी एक फायरवॉल असते आणि ती यंत्राच्या आतून दिसत नाही, त्यामुळे तिचे नियम त्या सेवेच्या पॅनेलवर जाऊन पाहावे लागतात.

सर्व्हिस उत्तर देते की नाही, हे ‘कर्ल’ने पाहावे. ‘कर्ल -व्ही’ नाव शोधण्यापासून उत्तराच्या पहिल्या ओळीपर्यंतचा प्रत्येक टप्पा दाखवते, तर मोठ्या ‘आय’ या अक्षरासह दिली तर फक्त शीर्षके आणते. उत्तराच्या पहिल्या ओळीत २०० हा आकडा आला तर ठीक. ५०२ आले तर समोरचा वेब सर्व्हर चालू आहे, पण त्याच्या मागच्या प्रोग्रॅमकडून त्याला धड उत्तर मिळालेले नाही. तेथे नेटवर्कचा तपास संपतो आणि ‘जर्नलसीटीएल -यू’सह सर्व्हिसचे नाव देऊन तिचा लॉग वाचायला घ्यावा.

पॅकेट स्वतः पाहणे

दोन्ही बाजू ‘आमच्याकडे सर्व ठीक आहे’ म्हणतात तेव्हा ‘टीसीपीडम्प’ निवाडा करते:

सुडो टीसीपीडम्प -एन -आय ईटीएच० पोर्ट ४४३

दुसऱ्या यंत्रावरून जोडणीचा प्रयत्न करावा आणि ‘फ्लॅग्ज’नंतरच्या चौकोनी कंसाकडे पाहत राहावे. निरोगी जोडणीत तीन ओळी लागोपाठ दिसतात: बाहेरून आलेली [एस], आपण पाठवलेली [एस.] आणि बाहेरून आलेली [.]. हीच टीसीपीची तीन पावलांची ओळख. पहिल्या ओळीनंतर [आर.] दिसले, तर आपल्याच यंत्राने नकार दिला. [एस] पुन्हा पुन्हा येते आणि उत्तर जातच नाही, असे दिसले तर संशय आपल्या यंत्रावर घ्यावा. लिनक्समध्ये टीसीपीडम्प आत येणारे पॅकेट यंत्राच्या फायरवॉलच्या आधी पाहते, म्हणून फायरवॉल जे टाकून देणार आहे तेही येथे दिसते. आणि काहीच दिसले नाही, तर पॅकेट आपल्या दारापर्यंत आलेलेच नाही. मग आपली फायरवॉल कितीही उलटसुलट तपासली तरी उपयोग नाही.

या कमांडने इतरांच्या संभाषणाचे तुकडे आपल्यासमोर येतात, ही जबाबदारी गंभीरपणे घ्यावी. आपल्या ताब्यातील यंत्रांवर, कामापुरते आणि संस्थेच्या लेखी परवानगीनेच ती चालवावी. दुसऱ्याच्या यंत्रात किंवा नेटवर्कमध्ये विनापरवानगी शिरणे आणि तेथील माहिती उचलणे भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ खाली येते.

एक बिघाड मात्र वरच्या सर्व चाचण्यांतून सुटतो. पिंग होते, पोर्ट उघडा असतो, छोटी पाने येतात आणि मोठी फाइल अर्ध्यात अडकते. व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खासगी जोडणी) असलेल्या कार्यालयांत हे पुष्कळदा घडते, कारण व्हीपीएन आपले आवरण चढवते आणि पूर्ण आकाराचे पॅकेट वाटेत मावत नाही. तपासण्यासाठी ‘पिंग -एम डू -एस १४७२’ आणि पुढे पत्ता द्यावा. येथे ‘एम’ मोठे आहे. १४७२ मध्ये आयसीएमपीच्या (पिंग वापरते त्या प्रोटोकॉलच्या) शीर्षकाचे ८ आणि आयपीच्या शीर्षकाचे २० बाइट मिळवले की इथरनेटचा नेहमीचा १५०० चा आकार होतो. हे जात नसेल आणि १३७२ जात असेल, तर मधला आकडा शोधून त्याप्रमाणे इंटरफेसचा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) कमी करावा.

बदल करताना

वाचणाऱ्या कमांडने काही बिघडत नाही. बदलणाऱ्या कमांडने बिघडते. ‘आयपी’ने दिलेला पत्ता किंवा मार्ग रीस्टार्टनंतर राहत नाही. तो कायम ठेवायचा असेल, तर उबुंटूच्या सर्व्हरवर नेटप्लॅनच्या (नेटवर्कची रचना ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या) फाइलमध्ये, डेबियनवर बहुधा ‘/ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस’मध्ये आणि नेटवर्क मॅनेजर असलेल्या यंत्रांवर ‘एनएमसीएलआय’ने लिहावा लागतो.

ज्या जोडणीवरून आपण एसएसएचने (दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे काम करण्याच्या साधनाने) सर्व्हरवर बसलो आहोत, तिचाच पत्ता, मार्ग किंवा फायरवॉल बदलताना चूक झाली तर आपणच बाहेर फेकले जातो आणि डेटा सेंटर दुसऱ्या गावात असेल तर रात्र वाया जाते. यासाठी ‘नेटप्लॅन अप्लाय’ऐवजी ‘सुडो नेटप्लॅन ट्राय’ वापरावी. ती बदल लागू करते आणि १२० सेकंदांत आपण एंटर दाबून मान्यता दिली नाही, तर जुनी रचना परत आणते. जोडणी तुटली तर मान्यता देता येत नाही, आणि तेच हवे असते. फायरवॉलच्या बाबतीत आधी ‘अ‍ॅट’ कमांडने दहा मिनिटांनंतर जुने नियम परत लागू होतील अशी नोंद करावी, मग बदल करावा, दुसऱ्या खिडकीतून नव्याने एसएसएच जोडणी होते याची खात्री करावी आणि त्यानंतरच ती नोंद ‘एटीआरएम’ने रद्द करावी. आधीच उघडी असलेली खिडकी चालू राहिली, हा पुरावा धरू नये, कारण अनेक फायरवॉल जुन्या जोडण्यांना हात लावत नाहीत आणि नवीन जोडण्या तेवढ्या अडवतात.